मातीला जागा देतानाही पंथ विचारतात

महोदय,

ख्रिस्ती ऐक्य सप्ताहाच्या समारोपाची बातमी कालच्या अंकात वाचली. पाच पंथांचे पुढारी एका व्यासपीठावर, सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या. त्यातला एक चेहरा माझ्या ओळखीचा निघाला, म्हणून लिहितो.

गेल्या पावसाळ्यात माझे वडील वारले. ते नगरचे, अमेरिकन मिशनऱ्यांच्या मराठी मिशनच्या शाळेत वाढलेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली, तेव्हा ते रजा काढून तिथे गेले होते. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) आणि मोठेपणी समजून-उमजून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही त्या चर्चने मान्य केले, याचा त्यांना फार अभिमान होता.

म्हातारपणी ते माझ्याकडे राहायला आले. आमच्या गावात दफनभूमी एकाच मंडळीची, म्हणजे एकाच पंथाच्या चर्चची. सकाळी आठला मी त्यांच्या पंचांकडे गेलो. व्यासपीठावरचा तो ओळखीचा चेहरा त्यांच्यातलाच. पहिला प्रश्न आला, "बुडवून बाप्तिस्मा झाला होता का?" दुसरा, "वर्गणीच्या पावत्या आहेत?" शिंपडलेला बाप्तिस्मा आम्ही धरत नाही, म्हणाले. दुपारी तीनपर्यंत वडील ओसरीवर बर्फाच्या लाद्यांवर होते. पाणी उंबऱ्यावरून अंगणात येत होतं आणि आई ते फडक्याने टिपत बसली होती. शेवटी बारा किलोमीटरवरच्या कॅथलिक फादरांनी जागा दिली. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची पोरं खड्डा खणून, फावडी धरून उभी होती. कबरीपाशी आम्ही ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पद सुरू केलं, तर ते त्यांनाही पाठ!

त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही त्यात जागा होती. आणि आम्ही आज मेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा तपासतो.

कुणी कॅथलिकांची मिस्सा-उपासना म्हणो, कुणी टाळ्या वाजवून गावो, माझी काहीच हरकत नाही. व्यासपीठावरच्या मान्यवरांनी पुढच्या सप्ताहाआधी एवढंच लेखी ठरवावं, की कुठल्याही मंडळीच्या दफनभूमीत कुठल्याही ख्रिस्ती माणसाला माती मिळेल.

आणि संपादक महाशय, छायाचित्राखाली आपण पाचही जणांना 'फादर' छापलं आहे. त्यांत कॅथलिक फादर एकच, बाकीचे इतर पंथांचे धर्मगुरू, म्हणजे पाळक. दर नाताळला हीच चूक होते आणि दर नाताळला मी कळवतो.

आपला,
एक जुना वाचक