रेबिनची संथ जागा

प्रिय मन्या,

फोनवर राहूनच गेलं आणि मेसेजमध्ये हे मावणारं नाही, म्हणून पत्रच लिहायला बसलो. आठवडाभर मी व्हायोलिनवादक मायकेल रेबिनशिवाय दुसरं काही ऐकलेलं नाहीये रे. न्यूयॉर्कचा, जन्म 1936 चा, वडील न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिन वाजवायचे, आई पियानोवाली, आणि हा व्हायोलिन शिकला इव्हान गॅलामियान या गुरूकडे. 1972 मध्ये घरातच पाय घसरून पडला आणि गेला. 35 वर्षांचा होता फक्त. हे कळल्यापासून ऐकताना घशात काहीतरी अडकतंच.

आधी त्याचं 1960 चं रेकॉर्डिंग ऐक, पागानिनीचा पहिला कॉन्सर्टो (एकट्या व्हायोलिनला ऑर्केस्ट्राची साथ अशी मोठी रचना) आणि विनियाव्हस्कीचा दुसरा, सोबत फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर युजीन गूसन्स. पागानिनीमध्ये तो जे काही करतो त्याने माणूस चाट पडतो, पण मी अडकलो विनियाव्हस्कीच्या मधल्या भागात, रोमान्समध्ये. तिथे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना बोट किंचित सरकवतो, म्हणजे आपली मींडच म्हण ना, फक्त आपण मधले स्वर दाखवत सावकाश जातो आणि याची सरक इतकीशी की कळेकळेपर्यंत तो पुढच्या सुरावर पोचलेलाही असतो. आपण क्लासला मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून एकेक मींड शंभरदा घासायचो, आठवतं? तो हात असलेल्याला ही जागा लगेच कळेल.

विनियाव्हस्कीने हा कॉन्सर्टो 1862 मध्ये सेंट पीटर्सबर्गला स्वतः पहिल्यांदा वाजवला आणि नंतर अर्पण केला सारासातेला, तोही व्हायोलिनवादक आणि संगीतकार. त्याच सारासातेचं 'झिगॉयनरवायझन' रेबिनच्या छोट्या तुकड्यांच्या रेकॉर्डवर आहे, हॉलीवुड बोल सिम्फनी आणि फेलिक्स स्लॅटकिनबरोबरची. त्यात 'होरा स्टॅकाटो' आहे, भुंग्याच्या उडण्याचं 'फ्लाइट ऑफ द बम्बलबी'ही आहे, सगळे वेगासाठी तेच लावतात आणि वेग आहेच, 'झिगॉयनरवायझन'च्या शेवटी डाव्या हाताच्याच बोटांनी तारा छेडतो तेव्हा एकेक टणत्कार सुटा ऐकू येतो.

पण त्या दंग्याच्या आधी एक छोटी संथ चाल आहे बघ. तिथे घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, म्यूट नावाचा आवाज दबवणारा छोटा तुकडा बसवायचा असतो, आवाज एकदम मऊ होतो, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. बाकीचे बरेच जण ही जागा उरकतात कारण पुढे टाळ्यांचा भाग येतोय. रेबिन उरकत नाही. गज जवळपास थांबतोय असं वाटतं आणि तरी सूर तुटत नाही, मला तर वाटतं वेगापेक्षा हेच अवघड आहे, तेवढा गज धरून ठेवणं. मी परवा रात्री ती जागा दहाबारा वेळा मागे घेऊन ऐकली, मग कपाटावरून माझं व्हायोलिन काढलं, दोन तारा गेल्यात, उरलेल्यांवर नुसता गज लांब ओढत बसलो अर्धा तास.

हेडफोन लावूनच ऐक, मोबाईलच्या स्पीकरवर नको, म्यूटचा आवाज त्यात मरतो. आणि ऐकलंस की रविवारी फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझा,
अव्या