काका, थँक यू म्हणायचं राहिलंच होतं (आणि तुमची डबी पण माझ्याकडेच आहे)

काका, तुम्ही आमच्या लॅबमधून रिटायर झालात त्या दिवशी शाल, केक, भाषणं सगळं झालं आणि मी मागे उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवल्या, बोलायचं ते बोललेच नाही. म्हणून आज इथे लिहितेय, तुमची मुलगी वाचून दाखवेलच.

एमेस्सीच्या शेवटच्या सेमला रोज फोंड्याहून कदंबा बस पकडून लॅबला यायचे तेव्हा मला वाटायचं डिझर्टेशन म्हणजे मायक्रोस्कोप आणि ग्राफ, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी हातात चाळणी दिलीत. 63 मायक्रॉनची. अरबी समुद्राच्या तळातून काढलेला राखाडी चिखल बारीक धारेखाली धूत बसायचं, बोटं लावायची नाहीत, घाई करायची नाही, शेवटी जाळीवर उरायची ती चिमूटभर पांढरी रेती. आणि दर सॅम्पलनंतर चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवायची. हे कशाला म्हणून वैतागून विचारलं तर तुम्ही म्हणालात, आधीचा एखादा दाणा जाळीत अडकला असेल तर तो निळा होतो, पुढच्या ट्रेत निळा दिसला की तो पाहुणा, त्याला मोजायचं नाही.

रेती कसली म्हणा, फोरॅमच (फोरॅमिनिफेरा) ते सगळे! एका पेशीचा जीव, समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगतो, काही आठवडे जगतो, एकेक खोली वाढवत चुन्याचं घर बांधतो आणि मेला की ते घर तळाला जाऊन बसतं. पुस्तकातली लॅटिन नावं माझ्या डोक्यात शिरेनात तेव्हा तुम्ही तुमची सांगितलीत. ओर्बुलिना म्हणजे साबुदाणा, बुलॉइडिस म्हणजे लाह्या, मेनार्डी म्हणजे चेपलेली पुरी. व्हायवाला मी चुकून लाह्या म्हणायचीच बाकी होते. (या लाह्यांचं महत्त्व मला नंतर कळलं, ओमान-सोमालियाकडे नैऋत्य वारे जोरात वाहिले की खालचं थंड, खाद्याने भरलेलं पाणी वर येतं आणि बुलॉइडिस वाढतात, म्हणून तिकडच्या गाळात त्यांची टक्केवारी बघून जुन्या मान्सूनचा अंदाज लावतात.)

आणि तो गुलाबी दाणा. कोअरच्या (म्हणजे तळातून उभा काढलेला गाळाचा नळा, जितकं खाली तितकं जुनं) पार खालच्या सॅम्पलमध्ये एक फिकट गुलाबी रूबर, हाही एक फोरॅमच, दिसला, मला वाटलं निळ्यासारखाच कसला तरी डाग लागलाय. तुम्ही आयपीसला डोळा लावलात आणि लगेच म्हणालात, "बाय, तू सव्वा लाख वर्षां फाटीं पावलीस." (मागे पोचलीस.) अटलांटिकमध्ये गुलाबी रूबर अजून आहे पण आपल्या हिंदी महासागरातून तो साधारण 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वी संपला, म्हणजे गाळात तो दिसायला लागला की तारीखच हातात आली. त्या रात्री मला झोप नाही आली.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे. मे महिना, घामाच्या धारा, तीनशे दाणे मोजायचे त्यातले अडीचशेच्या वर ओल्या ब्रशच्या टोकाने उचलून काळ्या स्लाइडवर ठेवलेले, डिंक लावायचा आळस केलेला, आणि मी उठून फॅन लावला. तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतात "फॅन लावूं नाका" आणि तरी. एका सेकंदात स्लाइड कोरी, ट्रे कोरा, गुलाबी दाणा कुठे गेला देवाला ठाऊक. मी टेबलाखाली मोबाइलचा टॉर्च मारत रडत होते.

तुम्ही ओरडला नाहीत. कपाटातून जुन्या फिल्म रोलची डबी काढलीत, वर तुमच्या अक्षरात कोअर नंबर, खोली, "अर्धो". स्प्लिटरमधून सॅम्पलचे दोन भाग केले की दुसरा भाग तुम्ही दर वेळी ठेवून देत होतात, मला न सांगता, प्रत्येक सॅम्पलचा. त्या अर्ध्यात तीन गुलाबी निघाले! माझ्या थिसिसमधला तो एक टेबल आणि ती सव्वा लाखाची रेघ त्या डबीतून आलीय आणि आभाराच्या पानावर तुमचं नाव फक्त "लॅब स्टाफ" असं गेलं, त्याची मला खरंच लाज वाटते.

आता मी पण दुसरा अर्धा ठेवते. नवीन आलेली मुलं हसतात, हसू देत.

डबी चतुर्थीला घेऊन येते. आई म्हणाली रिकामी देऊ नको, पण एवढ्याशा डबीत नेवरी (आपली करंजी) काय मावणार, तेव्हा नेवऱ्यांचा डबा वेगळा आणतेय.