रात्री भूल कोण देणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

देश मोठा होतोय, तेव्हा मोठी रुग्णालयंही व्हायला हवीत. हृदयाच्या नाहीतर मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कुणाला घरदार विकून परदेशी जावं लागू नये, याबद्दल माझं दुमत नाही. तुम्ही नवं सुपरस्पेशालिटी रुग्णालय बांधणार आहात; त्याची कोनशिला बसवाल तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असेन. पण टाळ्या वाजवण्याआधी थोडं बोलायचं आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं सरकारी जिल्हा रुग्णालयात काढली, त्यातली चौदा एकटीने. एकटीने म्हणजे अख्ख्या रुग्णालयात भूल देणारी मी एकच. नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात, आमचं नावही कुणाला ठाऊक नसतं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मात्र तक्ते करणाऱ्यांनाही आम्ही दिसत नाही, हे वाईट आहे.

नोकरीच्या दहाव्या वर्षी मी तीन दिवस रजेवर गेले. मुलीला टायफॉइड झाला होता. दुसऱ्या रात्री एक बाई आली. दिवस भरलेले, बाळंत होण्याआधीच वार सुटलेली, पोट लाकडासारखं कडक. स्त्रीरोगतज्ज्ञ आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहायचे, पाच मिनिटांत हजर. सिस्टरने ट्रे मांडला, टेबलावरचा दिवा लावला. भूल द्यायला कुणी नव्हतं. केसपेपरवर शेरा पडला : ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नाहीत, पुढील उपचारासाठी रेफर.’ पुढचं रुग्णालय तीन तासांवर. बाई वाचली, बाळ नाही. मी रुजू झाले त्या सकाळी तो केसपेपर कुणीतरी माझ्या टेबलावर ठेवला होता. कोणी काही बोललं नाही.

साहेब, त्या रात्रीही तुमच्या खात्याच्या तक्त्यात आमचं रुग्णालय पूर्ण भरलेलं होतं. मंजूर पद एक, भरलेलं पद एक, रिक्त पदं शून्य.

हिशेब अगदी साधा आहे. आठवड्याचे तास 168. एका माणसाने 40 तास काम केलं तर चार माणसं लावूनही आठ तास उरतात. रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण धरलं की पाच माणसं लागतात. पाच परवडत नसतील तर निदान तीन द्या, त्यांनी ऑन कॉल वाटून घेतलं तर निभतं. एकाच माणसावर चालतो तो जुगार. चौदा वर्षं मी तो खेळले आणि बऱ्याचदा जिंकले, म्हणून कुणाच्या लक्षात आला नाही.

तज्ज्ञसेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक नामांकित डॉक्टर येतो. प्रत्यक्षात ती साखळी असते आणि कुठल्याही कडीला तुटते. रक्ताचंच घ्या. लाल पेशी 2 ते 6 अंश तापमानात ठेवाव्या लागतात आणि जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स फ्रिजबाहेर, सतत हलत्या ठेवाव्या लागतात, त्यांची मुदत साधारण पाच दिवस. म्हणजे सर्जनइतकाच महत्त्वाचा माणूस कोण, तर वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला की नाही हे उठून बघणारा.

हे मी नव्याने सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हाचे प्रमुख हाफदान माहलर यांनी 1980 मध्येच सर्जनांच्या सभेत सांगितलं होतं की प्राथमिक आरोग्यसेवा आणि शस्त्रक्रिया यांची फारकत करू नका. फारशी हालचाल झाली नाही. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक आयोगाने मोजदाद केली, तेव्हा जगातल्या सुमारे पाच अब्ज माणसांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही असं निघालं. आयोगाने रुग्णालय पारखायला तीन शस्त्रक्रिया सांगितल्या : सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचे उपचार. या तीन जिथे होतात तिथे भूल, रक्त, निर्जंतुकीकरण, नर्सिंग हे सगळं शाबूत असतंच, आणि मग बाकीचंही बरंच होतं. अशी सोय माणसाला दोन तासांच्या आत गाठता यावी, आणि लाख लोकसंख्येमागे सर्जन, भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ मिळून किमान 20 असावेत, हीही त्यांचीच शिफारस. तुमच्या तक्त्यातला खाटांचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

आता यंत्रांबद्दल. आमचं भूल द्यायचं मशीन एकदा आठ महिने पांढऱ्या चादरीखाली झाकून उभं होतं. बिघडलं काय होतं? ऑक्सिजन सेन्सर. पेनाच्या टोपणाएवढी वस्तू. यंत्र वापरा नाहीतर नुसतं उभं ठेवा, तो सेन्सर वर्षा-दोन वर्षांत संपतोच, कारण साध्या हवेतला ऑक्सिजनही त्याला खातच असतो. टेंडरमध्ये मशीन होतं, सेन्सर नव्हता. देखभालीचा करार होता, पण झिजणारे भाग त्यातून वगळलेले. आठ महिने मी स्पायनलवर, म्हणजे पाठीत सुई देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या भुलीवर, निभावलं. ज्याला स्पायनल चालणार नव्हती त्याला पुढे पाठवलं. गरीब देशांतल्या रुग्णालयांच्या यंत्रसामग्रीची पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात जवळपास 40 टक्के यंत्रं बंद आढळली होती. मला आश्चर्य वाटलं नाही. नव्या कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या यंत्राच्या, फाइलवर सही करताना एवढंच विचारा : ही चालवणारा टेक्निशियन कोण, दुरुस्त करणारा कोण, आणि सुटे भाग खर्चाच्या कुठल्या हेडखाली येणार? तीन नावं मिळाली नाहीत तर फाइल परत पाठवा.

माणसं टिकत नाहीत, हे तुमचं दुखणं मला कळतं. सरकारी नोकरी करीन असा बाँड लिहून घेतो, मुलं दंड भरून मोकळी होतात. जी येतात ती वर्ष मोजतात. त्यांना नावं ठेवायला सोपं आहे. मीही ठेवली आहेत. पण पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराला एकट्याला जिल्ह्यात सोडायचं, अडल्यावर विचारायला वरिष्ठ नाही, केस बिघडली की जमाव अंगावर, हे कुठलं पोर सहन करील?

मोझांबिकने वेगळी वाट धरली. यादवी युद्धात फारसे डॉक्टर उरले नव्हते, तेव्हा 1984 पासून त्यांनी डॉक्टर नसलेल्या अनुभवी कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचं पद्धतशीर शिक्षण दिलं. 2002 मध्ये तिथल्या जिल्हा रुग्णालयांतल्या मोठ्या प्रसूती-शस्त्रक्रियांपैकी 92 टक्के याच लोकांनी केल्या होत्या. नेमणुकीनंतर सात वर्षांनी त्यांच्यातले 88 टक्के जिल्ह्यातच होते, आणि सोबत नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. हे वाचून माझे समव्यवसायी चिडतील. आमचं काम कुणी सहा महिन्यांचा कोर्स करून करावं असं मीही म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं ओटीत, शस्त्रक्रियेच्या खोलीत, काढलेल्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. रुग्णाचा श्वास बदलला की मॉनिटर वाजायच्या आधी त्यांची मान वर होते. त्यांना नीट शिकवलं, परीक्षा घेतली, देखरेखीखाली ठेवलं, तर एकट्या भूलतज्ज्ञाच्या जोडीला दुसरा हात तयार होईल. थायलंडने आणखी एक केलं : 1990 च्या दशकापासून ग्रामीण भागातल्या मुलांना वैद्यकीय शिक्षणात स्वतंत्र प्रवेश दिला आणि त्यांना आपापल्या भागातल्या रुग्णालयांत शिकवलं. तिथली मुलं तिथे जास्त टिकतात. यात नवल ते काय?

आणि तुमचं नवं रुग्णालय? बांधा. फक्त त्याची जबाबदारी फाटकापाशी संपू देऊ नका. तिथल्या प्रत्येक विभागाला ठरावीक जिल्हे वाटून द्या. रात्री दोन वाजता फोन उचलणं, महिन्यातून एकदा तिथे जाऊन शस्त्रक्रिया करणं आणि शिकवणं, जिल्ह्यातला माणूस रजेवर गेला की बदली पाठवणं, हे त्यांच्या कामातच धरा. टेलिमेडिसिनचं कौतुक मलाही आहे, पण फोनवरून भूल देता येत नाही.

पुढच्या आढावा बैठकीत खाटा आणि पदं बाजूला ठेवा आणि प्रत्येक जिल्ह्याला विचारा, गेल्या महिन्यातल्या किती रात्री तुमच्याकडे सिझेरियन करता आलं असतं? झालेली सिझेरियन विचारू नका, ‘करता आलं असतं’ असंच विचारा. सुरुवातीला सगळे तीस म्हणतील. मग ओटीचं रजिस्टर, रेफरचं रजिस्टर आणि रजेचे अर्ज शेजारी शेजारी मांडायला सांगा. आमच्याकडचे मी निवृत्त होण्याआधी असेच मांडून पाहिले होते. त्या महिन्याचा आकडा एकोणीस आला.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ