भर उन्हाळ्यातला वॉलाय : आधी शोधा, मग गळ टाका

महोदय,

जून ते ऑगस्टच्या दरम्यान मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओहायो या भागांत मुलांकडे राहायला येणारे मराठी आईवडील आणि इथे स्थायिक झालेली आपली मंडळी हौसेने तळ्यावर मासेमारीला जातात. उन्हं वर आल्यावर धक्क्यावर पोहोचायचे, गांडूळ लावून बसायचे आणि ‘उन्हाळ्यात मासाच नसतो’ म्हणत रिकाम्या हाताने परतायचे, असे बहुतेकांचे होते. मासा असतो. मे महिन्यात काठालगत सापडणारा वॉलाय (walleye, गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) जुलैत दिवसा तिथे थांबत नाही, इतकेच. त्याला शोधण्याची रीत नवख्यांना कळावी म्हणून हे पत्र.

वॉलाय १९६५पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे. मांजराप्रमाणे त्याच्याही डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे अंधूक उजेडात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते आणि तो तेव्हाच शिकारीला निघतो. सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आगेमागे तासभर, ढगाळ दिवस आणि वारा सुटलेली दुपार, या त्याच्या वेळा. वाऱ्याकडे तर खास लक्ष द्यावे. लाटांनी उजेड फुटतो, शिवाय वारा ज्या काठावर आदळतो तिकडे बारीक जीव आणि त्यांच्यामागे छोटे मासे गोळा होतात. नवखे लोक सोयीसाठी नेमकी आडोशाची शांत खाडी निवडतात आणि तिथेच फसतात. अर्थात लाटा बोटीला झेपतील एवढ्याच असाव्यात आणि लाइफ जॅकेट अंगातच असावे.

दुसरी गोष्ट तापमानाची. वॉलायला साधारण १८ ते २१ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. खोल तळ्यात उन्हाळ्यात वर गरम पाणी, खाली थंड पाणी आणि मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पट्टा तयार होतो. अनेक तळ्यांत ऑगस्टपर्यंत या पट्ट्याखालचा प्राणवायू संपत आलेला असतो. म्हणून ‘जितके खोल तितके बरे’ हा हिशेब चुकतो. बोटीवरच्या सोनार यंत्राची (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे पडद्यावर दाखवणारे यंत्र) संवेदनशीलता वाढवली की हा पट्टा पडद्यावर धूसर आडव्या रेघेसारखा दिसतो. समजा, तो २५ फुटांवर आहे. तर पाण्याखालचे उंचवटे आणि काठापासून आत गेलेल्या सोंडा १८ ते २५ फुटांवर जिथे उतरतात, तिथे शोध घ्यावा. पाणवनस्पतींच्या पट्ट्याची बाहेरची कडाही पाहावी, पहाटे तर नक्कीच.

मिनेसोटातले मिल लॅक्स मात्र वेगळे. सुमारे ५३५ चौरस किलोमीटरचे हे तळे जेमतेम ४२ फूट खोल आहे, वारा ते सतत ढवळतो आणि असा पट्टा तिथे फारसा टिकत नाही. तिथे उत्तर भागातले चिखलाचे सपाट उंचवटे आणि त्यांच्या कडा शोधाव्यात. ईरी सरोवराच्या उथळ पश्चिम भागातले मोठे वॉलाय उन्हाळ्यात थंड पाण्यासाठी पूर्वेकडे सरकतात आणि बरेचदा मधल्या पाण्यात फिरतात. तिथे तळाशी गळ टाकून बसण्यात अर्थ नाही.

तळालगतच्या माशासाठी सर्वांत भरवशाची मांडणी साधी आहे. ६ किंवा ८ पौंडी (तेवढा ताण सोसणारा) तंगूस, म्हणजे गळाची दोरी, घ्यावा, त्यावर सरकते शिसे ओवावे, खाली स्विव्हल (पीळ पडू न देणारी फिरती कडी) बांधावे, त्यापुढे ३ ते ६ फुटांचा तुकडा आणि टोकाला ६ किंवा ८ नंबरचा गळ. शिसे १५ फुटांपर्यंत पाव औंस, २५-३० फुटांवर अर्धा औंस. तळ जाणवत नसेल तर शिसे हलके आहे. बोटीचा वेग ताशी अर्धा ते एक मैल ठेवावा. जळू लावताना गळ तिच्या मोठ्या चूषकातून (चिकटण्याच्या चकतीतून) घालावा, म्हणजे ती पोहत राहते. मधोमध टोचली की गोळा होऊन बसते. गांडूळ डोक्याच्या टोकाशी एकदाच टोचावे आणि ते सरळ लोंबू द्यावे. तसे न केल्यास ते गरगर फिरते आणि तंगुसाला पीळ पडतो. रीळची बेल (तंगूस अडवणारी तारेची कमान) उघडी ठेवून तंगूस बोटावर धरावा. वजन जाणवले की लगेच झटका न देता तंगूस सोडावा, पाच-सात सेकंदांनी ढील गोळा करून रॉड लांब ओढावा. याहून फार थांबले की मासा गळ गिळतो.

उंचवटा लांबलचक असेल तर बॉटम बाउन्सर (तळाला टेकत जाणारे तारेचे वजन) आणि फिरत्या पात्याचा हार्नेस (पाते व गळ बांधलेला तंगुसाचा तुकडा) ताशी एक ते दीड मैल वेगाने ओढून आधी मासा कुठे आहे ते शोधावे. वजन दर दहा फुटांना एक औंस, तंगूस पाण्याशी ४५ अंशांत. पडद्यावर मासे दिसूनही आमिष घेत नसतील, विशेषतः मेफ्लाय किडे निघण्याच्या दिवसांत, तर पाण्यावर तरंगणाऱ्या सरकत्या बुचाखाली लहानशी जळू तळापासून फूटभर वर टांगावी.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. भर उन्हाळ्यात ‘पकडा आणि सोडा’ निरुपद्रवी नसते. गरम पाण्यात दमलेला मासा सोडल्यावरही मरण्याची शक्यता वाढते. त्यातच वॉलायच्या वाताशयातली (पोटातल्या हवेच्या पिशवीतली) हवा पटकन बाहेर पडायला वाट नसते. तीस फुटांखालून वर आणला की तो फुगतो, कधी कधी जठर तोंडात येते. म्हणून खोल पाण्यात नियमांच्या मर्यादेत बसणारे मासे ठेवावेत आणि थांबावे. सगळे सोडण्याजोग्या मापाचेच लागत असतील तर उथळ जागी सरकावे. गळ गिळला असेल तर उपटू नये, तंगूस कापावा. मासा हाताळताना त्याच्या कल्ल्यांची झाकणे धारदार आणि दात टोकदार असतात, हे विसरू नये.

परवाना, संख्या आणि लांबीचे नियम राज्यागणिक, तळ्यागणिक आणि वर्षागणिक बदलतात; राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर ते त्याच आठवड्यात पाहावेत. मिनेसोटात निघताना बोटीचा तळबूच काढून पाणी सांडून टाकणे बंधनकारक आहे. उरलेल्या जळवा तळ्यात न सोडता कचऱ्यात टाकाव्यात. घरी न्यायच्या असतील तर डब्यातले तळ्याचे पाणी ओतून बाटलीबंद पाणी भरावे.

— एक वाचक, मिनेसोटा