घातांक खाली उतरला आणि ‘ज्ञात’ हा शब्द गळला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत मूळ संख्यांवर (म्हणजे १ पेक्षा मोठ्या आणि १ व स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग न जाणाऱ्या संख्यांवर) लेख आला, याचा आनंद झाला. मात्र त्यातील छपाईच्या एका चुकीमुळे शेजारची नववीतली मुलगी अंक घेऊन माझ्याकडे आली. २ च्या डोक्यावर हवा असलेला १३६२७९८४१ हा घातांक ओळीत उतरल्याने संख्या ‘२१३६२७९८४१ – १’ अशी छापली गेली आहे. तसे वाचले तर उत्तर २१३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४० येते, आणि शेवटी शून्य असलेली ही संख्या मूळ नाही हे पाचवीतले मूलही सांगेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली खरी संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. दर अंकाला सहा मिलिमीटर जागा देऊन ती एका ओळीत लिहायची म्हटली, तर ओळ सोलापूरहून निघून जवळजवळ पुण्याला पोचेल. तरीही तिचा एककाचा अंक कागद-पेन्सिलीने काढता येतो. २ च्या घातांचे एकक २, ४, ८, ६ या क्रमाने फिरतात, घातांकाला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून घाताचा शेवट २ ने आणि वजा १ केल्यावर आपल्या संख्येचा १ ने होतो. मुलीने हे स्वतः करून पाहिले आणि पुरवणीच्या समासातच लिहून ठेवले.

दुसरी चूक मथळ्यातली आहे आणि ती मला अधिक खटकली. ‘जगातील सर्वात मोठी मूळ संख्या’ अशी संख्या असूच शकत नाही, कारण मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे. ही आहे ज्ञात असलेली सर्वात मोठी. शिवाय १ पेक्षा मोठी कोणतीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्या दरम्यान एक तरी मूळ संख्या असतेच, हे रशियन गणिती चेबिशेव्हने १८५२ मध्ये दाखवून दिले. म्हणजे या संख्येहून मोठी मूळ संख्या तिच्या दुपटीच्या आतच, फार तर एक अंक जास्त असलेली, नक्की आहे. ती कोणती, हे मात्र आज कोणालाही ठाऊक नाही.

घातांक मूळ असला की उत्तरही मूळ, हे लेखातील वाक्यही टिकत नाही: ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. म्हणून प्रत्येक घातांकासाठी स्वतंत्र चाचणी घ्यावी लागते.

पुढील अंकात घातांक योग्य जागी छापून आणि मथळ्यात ‘ज्ञात’ हा शब्द घालून दुरुस्ती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सोलापूर