आपल्या खोलीचं भाडं ४२ रुपये होतं

क्वीन्स, न्यूयॉर्क
९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर माझा आवाज चढला, त्याबद्दल आधी माफी मागते. "रेशनच्या रांगेत उभी राहिली असतीस तर समाजवाद्याला मत दिलं नसतंस," असं बाबा म्हणाले आणि मी फोन ठेवला. पाठोपाठ आईचा "जेवलीस का" असा मेसेज आला, म्हणजे तिकडे काय वातावरण असेल ते कळलं. व्हिडिओ कॉलवर हा विषय धड होणार नाही, म्हणून लिहायला बसले. बाबांचा मोतीबिंदू नुकताच काढलाय, तेव्हा आई, तू वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

हो, इथल्या महापौरपदाच्या निवडणुकीत जिंकलेल्या जोहरान ममदानीला मत मी दिलं. नागरिकत्व मिळाल्यानंतरचं माझं पहिलंच मत. अमेयने दिलं नाही. त्यामुळे आमच्या घरात तुमची बाजू मांडायला माणूस आहे, काळजी नसावी.

बाबा, तुम्ही पाठवलेल्या फॉरवर्डमध्ये त्याला कम्युनिस्ट म्हटलंय. ट्रम्पही तेच म्हणतात. तो स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवतो. वय ३४, जन्म कंपालाचा, मीरा नायरचा मुलगा, आमच्या शेजारच्या अॅस्टोरियाचा आमदार. आई, 'लोकशाही समाजवाद' हा शब्द तुला तरी नवा नाही. गोरेगावला तुमच्या घरी एसेम जोशी आणि साने गुरुजींची नावं देवघरातल्यासारखी घेतली जायची. मृणालताई गोरेंच्या लाटणं मोर्चात तू कॉलेज बुडवून गेली होतीस आणि आजीचं पोळपाटाबरोबरचं लाटणं हरवून आलीस, ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. 'पाणीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही १९७७ साली मृणालताई जिंकल्या आणि इंदिराबाई हरल्या तेव्हाची घोषणा तर मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. मृणालताई महागाई, नळ आणि रॉकेल यांवर बोलायच्या. हा भाडं गोठवणं, फुकट बस आणि मोफत पाळणाघर यांवर बोलतो.

बाबांचं म्हणणं, इथल्या पोरांना सगळं आयतं मिळालं म्हणून असले चोचले सुचतात. माझ्या टीममधल्या एका मुलाचं सांगते. वय २६, पगार बरा. चौघं मिळून एका फ्लॅटमध्ये राहतात आणि याच्या वाट्याला हॉलचा अर्धा भाग आलाय. मध्ये पुस्तकांचं कपाट आडवं घालून त्याने भिंत केलीय. कपाटाच्या पलीकडचा मित्र रात्री दोनला नूडल्स खातो त्याचा आवाज येतो, म्हणून हा कानात बोळे घालून झोपतो. शिक्षणाचं कर्ज चाळिशीपर्यंत फिटेल असा त्याचा हिशोब आहे. २००८ साली तो ९ वर्षांचा होता. त्या मंदीत त्याच्या वडिलांचं घर बँकेने नेलं आणि त्याच सुमारास सरकारने मोठ्या बँका वाचवल्या. मार्क्सचं पान त्याने उलटलेलं नाही. बर्लिनची भिंत त्याच्या जन्माआधी पडली. 'समाजवाद' म्हटल्यावर तुम्हाला रेशनची रांग आणि फोनसाठीची वेटिंग लिस्ट आठवते. त्याला तसं काहीच आठवत नाही. त्याने जे भोगलंय त्याचं नाव भांडवलशाही आहे, एवढंच त्याला ठाऊक.

तो एकटा नाही. गॅलप या संस्थेच्या यंदाच्या जनमत पाहणीत भांडवलशाहीबद्दल बरं मत असलेले अमेरिकन ५४ टक्क्यांवर आले. २०२१ साली ते ६० होते. डेमोक्रॅटिक पक्षवाल्यांत तर समाजवाद ६६ टक्क्यांना बरा वाटतो आणि भांडवलशाही ४२ टक्क्यांना. आमच्या शहरात तिशीच्या आतल्या मतदारांपैकी चारातल्या तिघांनी ममदानीला मत दिलं. एकूण मतदान २० लाखांवर गेलं, महापौर निवडायला एवढी माणसं १९६९ नंतर प्रथमच बाहेर पडली.

आता तुमचा मुख्य मुद्दा, भाडं गोठवण्याचा. इथे तुमच्याशी भांडायची माझी छाती नाही, कारण आपण गोठवलेल्या भाड्यातच वाढलो. गिरगावच्या खोलीचं भाडं महिना ४२ रुपये. भाड्याचा कायदा १९४७ चा आणि भाडी धरलेली १९४० सालची. बाबांच्या एका पगारात आम्ही दोघी बहिणी शिकलो, आजीचं आजारपण निघालं, वर गणपतीला गावी जाणं. ४२ रुपयांऐवजी बाजारभावाने भाडं द्यावं लागलं असतं तर मी व्हीजेटीआयला गेले नसते आणि हे पत्रही क्वीन्सहून लिहीत नसते. बेस्टची बस शहराची, आजीचं ऑपरेशन झालं ते केईएम पालिकेचं, आणि बाबा ७३ साली ज्या बँकेत लागले ती इंदिराबाईंनी १९६९ साली सरकारी केलेली. बाबा, रागावू नका, पण पंच्याहत्तरी उलटल्यापासून तुम्ही एसटीने चिपळूणला फुकट जाता आणि आई अर्ध्या तिकिटात. मे महिन्यात बेस्टचं कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं तेव्हा तासभर चिडलेलं कोण होतं?

पण त्या इमारतीचे टेकूही मी विसरलेले नाही. आपल्या मजल्यावरच्या गॅलरीला सात लाकडी टेकू होते आणि तिसऱ्याला टेकून मी अभ्यास करायची. त्याच्यावर नखाने कोरलेलं माझं नाव होतं. मालक खाली राहायचे, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. सगळ्या खोल्यांचं भाडं एकत्र केलं तरी रंगाचा खर्च निघत नाही, असं ते गयावया करून सांगायचे आणि आपण सगळे त्यांना चोर म्हणायचो. जुलैच्या त्या रात्री गॅलरीचं टोक कोसळलं, आईची तुळस डब्यासकट चौकात गेली. तिथे पाच मिनिटांपूर्वी शेजारच्या काकू उभ्या होत्या. म्हणून बाबा म्हणतात ते मला मान्य आहे. भाडं कायमचं थिजवलं की दुरुस्ती कुणाच्याच खिशाला परवडत नाही.

फरक आहे तो असा. इथे सुमारे १० लाख घरांचं भाडं ९ जणांचं मंडळ दरवर्षी ठरवतं. आमचं घर त्यात येतं. मंडळावरची माणसं महापौर नेमतो. आधीचे एक महापौर डी ब्लासिओ यांच्या काळात तीनदा, २०१५, २०१६ आणि २०२० साली, एक वर्षाच्या करारावर शून्य टक्के वाढ झाली होती. शहर काही बुडालं नाही. ममदानी चार वर्षं शून्य म्हणतोय. मला चार जरा जास्त वाटतात. छोट्या मालकांना कर आणि विम्यात सूट दिली नाही, तर आपले टेकू इथेही दिसतील. हे मी त्याच्या प्रचाराला घरी आलेल्या मुलीलाही म्हटलं. पोरगी विशीतली, बूट भिजलेले. तिने वहीत लिहून घेतलं आणि चहा नको म्हणाली, अजून सहा मजले बाकी होते.

बाकीचं सगळं तो म्हणतो तसं होणार नाही, हेही मला दिसतं. दहा लाख डॉलरवरच्या कमाईवर दोन टक्के जादा कर लावायचा तर ते अल्बनीतल्या राज्य सरकारच्या हातात, आणि गव्हर्नरबाई त्याला पाठिंबा देऊनही करवाढीला नाहीच म्हणतायत. बसही राज्याच्या अखत्यारीतली. शहराने चालवायच्या किराणा दुकानांबद्दल मी अमेयसारखीच हसते, सहकारी भांडारातली तूरडाळ आठवून. पाळणाघराबद्दल मात्र हसत नाही. रेवाच्या पाळणाघराला महिन्याला २,२०० डॉलर जातात. घरभाडं २,३५०. दोन्ही जाऊन जे उरतं त्यात दुसरं मूल कधी, हा आईचा प्रश्न बसत नाही. बरं झालं, हेही एकदाचं लिहून टाकलं.

काल भाडेकराराच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. दोन चौकटी आहेत: एका वर्षाचा करार केला तर ३ टक्के वाढ, दोन वर्षांचा केला तर साडेचार. अमेयचं म्हणणं, साडेचारात दोन वर्षांची निश्चिंती घे, राजकारण्याच्या शब्दावर घर चालवू नकोस. तो अगदी तुमच्यासारखा बोलत होता, हातवारेही तेच. रात्री रेवा झोपल्यावर मी एका वर्षाच्या चौकटीत खूण केली आणि पाकीट बंद करून त्याच्या बॅगेत ठेवलं. पोस्टात तोच टाकणार आहे, कुरकुरत.

बाबांनी डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत. आई, लाटण्याची गोष्ट रेवाला रविवारी तूच सांग, मी सांगते तेव्हा तिला खरी वाटत नाही.

तुमची,
मनू