अव्वल मशिदीची सुटी पाने लावणाऱ्यांस

आदरणीय हाफिज आणि मौलानासाहेब,
अस्सलामु अलैकुम.

केपटाउनच्या बो-काप वस्तीतल्या अव्वल मशिदीचे जुने कुराण आपण पुन्हा सलग वाचता येईल असे केलेत, त्याबद्दल मनापासून आभार. अव्वल म्हणजे पहिली, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतली ही पहिली मशीद.

इंडोनेशियातल्या तिदोर बेटाच्या इमाम अब्दुल्लांना डचांनी १७८० मध्ये केपला हद्दपार केले आणि रॉबेन बेटावर कैदेत ठेवले. लोक त्यांना तुआन गुरू म्हणत, आपल्याकडचे गुरुजीसाहेबच. सुटकेनंतर, १७९४ मध्ये, डॉर्प स्ट्रीटवर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कोरिडॉनच्या जागेत मशीद उभी राहिली. गुरूंनी आठवणीतून लिहिलेले कुराण १९८० च्या दशकात दुरुस्तीच्या वेळी माळ्यावर सापडले. सगळी सुटी पाने, आणि एकावरही पृष्ठांक नाही.

आम्ही जुन्या पोथ्या लावतो, म्हणून या कामाची किंमत जाणतो. पोथीच्या समासात पत्रांक असतो. तो कसरीने खाल्ला तरी ओवीचा आकडा जागा सांगतो. इथे भिस्त सगळी हाफिजांच्या, म्हणजे कुराण मुखोद्गत असलेल्यांच्या, पाठांतरावर. पानाची शेवटची आयत, म्हणजे कुराणातले वचन, म्हणावी, पुढची जिभेवर येते, ती ज्या पानाच्या माथ्याशी असेल ते पुढचे पान. घोटाळा होतो तो सारख्या आयतींपाशी. सूरह म्हणजे कुराणाचा अध्याय. सूरह रहमानमध्ये एकच आयत ३१ वेळा येते, मुर्सलातमध्ये एक १० वेळा. पान नेमके तिथे संपले, की पाठांतर भलत्याच वाटेने धावते. मग चार आयती मागे जाऊन ताडून पाहावे लागते. बिस्मिल्लाह, म्हणजे 'अल्लाहच्या नावाने' ही आरंभीची ओळ, दिसली की नवी सूरह, हा आडाखाही फसवा: तौबाच्या आरंभी ती नाही आणि नम्लमध्ये ती मध्येच, ३०व्या आयतीत आहे. शिवाय अलिफ-लाम-मीम या तीन अक्षरांनी सहा सूरह सुरू होतात!

सहा हजारांवर आयतींचा हा मेळ घालायला आपल्याला तीन वर्षे लागली. आम्हाला ती जास्त वाटत नाहीत.

विशेष आभार बांधणी अगदी शेवटी ठेवल्याबद्दल. घाईने शिवलेल्या ग्रंथात एक पान चुकले तरी धागा उसवावा लागतो. जुना कागद दुसरी सुई सोसत नाही, भोके एकमेकांत मिळतात आणि पान घडीवरच फाटते.

आपले नम्र,
पोथ्या लावणारे काही मराठी लोक